फुटपट्टीचा गृहपाठ

माझी मावशी वीस वर्षं माणसांचे गुडघे, खांदे आणि कंबरा सरळ करत होती, आणि वीस वर्षं माणसं तिच्या तोंडावर खोटं बोलत होती. "व्यायाम केलात का?" असं तिने विचारायचं, "हो तर, अगदी नेमाने," असं पेशंटने म्हणायचं, आणि गुडघा मागच्या आठवड्याइतकाच ताठ. शेवटी कंटाळून तिने इस्पितळातली नोकरी सोडली, जनावरांच्या फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम केला आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत स्वतःचं केंद्र काढलं. "मुकी जनावरं निदान थापा तरी मारत नाहीत," असं ती ज्याला त्याला सांगायची. जनावरांना मालक असतात, हे ती त्या उत्साहात विसरली.

मी त्या केंद्रात फोन घेते, वेळा देते आणि टॉवेल वाळत घालते. टॉवेल फार लागतात. बाहेरच्या खोलीत बाक आणि वजनकाटा आहे. आत जमिनीवर रबरी चटया, एक मोठा फुगवलेला चेंडू आणि काचेची टाकी. टाकीच्या तळाशी सरकता पट्टा आहे. कोमट पाणी भरलं की कुत्र्याचा निम्मा भार पाणीच उचलतं आणि दुबळ्या पायांनाही चालायला जमतं. लोकांना वाटतं, टाकी म्हणजेच उपचार. आल्या आल्या विचारतात, "याला पाण्यात कधी सोडणार?" मावशीचं उत्तर ठरलेलं: "आधी जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. का लंगडतोय ते कळल्याशिवाय मी पायाला हात लावत नाही." एका बाईंनी व्हिडिओ बघून घरीच मांजराच्या कमरेला मालिश केलं होतं. मांजराने त्यांच्या हातावर जे लिहून दिलं ते कुठल्याही चिठ्ठीपेक्षा स्पष्ट होतं. दुसऱ्या एका गृहस्थांनी स्वतःची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून कुत्र्याला दिली होती. माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडांची वाट लावू शकतात, हे मावशीने त्यांना इतक्या मोठ्याने समजावलं की बाहेर बाकावर बसलेले दोन कुत्रे मालकांच्या पायांमागे लपले.

इथे मावशीचं एक गुपित सांगते. मी तिच्याकडेच राहते, त्यामुळे ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षापासून तिचा उजवा खांदा आखडलाय. हात वर जात नाही, पाठीमागे तर मुळीच जात नाही. केस ती डाव्या हाताने विंचरते. इस्पितळातल्या एका जुन्या मैत्रिणीने तिला व्यायामाचा तक्ता करून दिला. तो फ्रिजच्या दारावर लावलेला आहे, आणि दर रविवारी संध्याकाळी चहा पिता पिता मावशी त्यावर आठवडाभराच्या खुणा एकदम करून टाकते. मी एकदा बोलले, तर म्हणाली, "मला शिकवू नकोस. काय करायचं ते मला माहितीये." जणू माहिती असली की खांदा आपोआप सुटतो.

हेडमास्तर आमच्याकडे पहिल्यांदा आले ते दोन्ही हातांवर फुटपट्टीला घेऊन. फुटपट्टी ही त्यांची कुत्री. लांबच लांब अंग, बोटभर पाय, आणि हे नाव ठेवणारा माणूस पस्तीस वर्षं शाळेत काढलेला. सोफ्यावरून उडी मारताना तिच्या मणक्यातली चकती सरकली होती. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण मागचे पाय उभे राहीनात. पायांत संवेदना आहे, व्यायामाने ती चालू शकेल, असं सर्जनने चिठ्ठीत लिहिलं होतं.

"सहा आठवडे आहेत आमच्याकडे," हेडमास्तर म्हणाले. ते बायको गेल्यापासून एकटेच राहत होते, दुसऱ्या मजल्यावर. दिवसातून पाच वेळा तिला उचलून जिना उतरायचं आणि चढायचं, यात त्यांची स्वतःची कंबर धरली होती. एकदा तर ते जिन्यातच अडकले, ना वर ना खाली. मुलगा धावून आला आणि त्याने स्पष्ट सांगितलं: सहा आठवड्यांत ती आपल्या पायांवर चालली नाही, तर तो तिला एका ओळखीच्या कुटुंबात देणार. त्यांचं घर बैठं होतं, माणसं चांगली होती. मुलगा वाईट नव्हता हो. त्याला बापाची काळजी होती, एवढाच त्याचा गुन्हा.

मावशीने फुटपट्टीला तपासलं आणि हेडमास्तरांना गृहपाठ दिला. पोटाखालून टॉवेलची झोळी घालून तिला चार पायांवर उभं करायचं, एकदोन मिनिटंच, पण दिवसातून चार वेळा. मागचे पाय हलक्या हाताने वाकवायचे, सरळ करायचे. गुळगुळीत फरशीवर चटया घालायच्या, कारण घसरणारं कुत्रं पाय टाकायलाच घाबरतं. पंजांमधले केस कापायचे. सोफ्यावर चढणं बंद, वजन कमी. बिस्किटांचं नाव काढायचं नाही. प्रत्येक वेळी तक्त्यावर खूण करायची.

"गृहपाठाची काळजी तुम्ही सोडा, बाई," हेडमास्तर छाती फुगवून म्हणाले. "माझ्या शाळेत एका पोराची हिंमत नव्हती दुसऱ्याची वही उतरवायची. अक्षर बघून सांगायचो मी."

तक्ते आले ते नुसते बघत राहावेत असे. सरळ रेघा, सुबक खुणा, समासही सोडलेला. फक्त फुटपट्टीच जिथल्या तिथे होती. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. टाकीत पाणी असलं की ती कशीबशी पाय हलवायची, बाहेर आली की बसकण. वजनही उलट वाढलं होतं. मावशी घरी येऊन चिडचिड करायची, "माझंच काहीतरी चुकतंय," म्हणायची. तिला इतकं खचलेलं मी इस्पितळाच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, तिने हेडमास्तरांचा तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"सर, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग येत्या शनिवार संध्याकाळचा व्यायाम आजच कसा झाला?"

पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या धरणारा माणूस स्वतः धरला गेला की कसा दिसतो, ते मी पाहिलं. ते आधी चष्मा पुसू लागले, मग तक्ता उलटा धरून बघितला, जणू शनिवार मागच्या बाजूने गुरुवार दिसेल. शेवटी बाकावर बसले आणि फुटपट्टीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "ती कण्हते हो, बाई. पायाला हात लावला की अशी बघते माझ्याकडे... माझ्याने नाही होत. मग मी तिला मांडीवर घेतो."

"आणि बिस्किट देता."

"अर्धं," ते म्हणाले.

मावशी तोफ डागणार, असं मला वाटलं. पण ती त्यांच्या शेजारी बसली. "दुखणं वेगळं आणि कुरकुर वेगळी," ती म्हणाली. "खरं दुखलं की ती पाय ओढून घेईल, अंग ताठ करेल, धापा टाकेल, तुमचा हात चावायला येईल. तसं झालं तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. पण नुसतं तोंड वर करून ऊं ऊं करते ना, ती तुमची परीक्षा घेतेय. तुम्ही दरवेळी नापास होताय, सर. तुम्ही उचलता म्हणून ती उठत नाही."

"मग मी करू काय?"

"उभी राहू लागली की झोळी सैल सोडायची आणि हात मागे बांधायचे. तुमचा व्यायाम तोच."

तो व्यायाम फुटपट्टीच्या व्यायामापेक्षा जड गेला असावा. पुढचे तक्ते गिचमिड आले. एके ठिकाणी "नाही केलं. रडू आलं," असं लिहिलं होतं, कोणाला ते लिहिलं नव्हतं. एका खुणेवर ओल्या पंजाचा ठसा. मावशी ते तक्ते जपून फाईलला लावायची. पाचव्या आठवड्यात फुटपट्टी चटईवर दहा सेकंद एकटी उभी राहिली. वजनही थोडं उतरलं. चालली मात्र नव्हती.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी मुलगा बरोबर आला. हातात जनावर न्यायची पेटी होती, आत स्वच्छ चादर अंथरलेली. त्याने ती पेटी बाकाखाली सरकवली, बापाला दिसू नये म्हणून. हेडमास्तरांना ती दिसली होती.

आतल्या खोलीत मावशीने फुटपट्टीला चटईच्या एका टोकाला उभं केलं. हेडमास्तर दुसऱ्या टोकाला, हात मागे बांधून. मी आणि मुलगा भिंतीशी. फुटपट्टीने बापलेकांकडे आळीपाळीने बघितलं आणि ऊं ऊं सुरू केलं. कोणी हललं नाही. मग तिने पुढचे पाय टाकले, मागचा एक ओढला, दुसरा टाकला, आणि तिसऱ्या पावलाला तिची कंबर कलली. ती बाजूला पडली.

मुलगा धावला. तो वाकला, दोन्ही हात तिच्या पोटाखाली जाणार, एवढ्यात खोलीत एक आवाज दणाणला.

"हात मागे!"

मला वाटतं, त्या आवाजाला पस्तीस वर्षांत कोणी नाही म्हटलं नसेल. मुलगा ताडकन सरळ झाला. चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडू लागलेला माणूस, त्याचे हात आपोआप पाठीमागे गेले. लहानपणी तो त्याच शाळेत होता. माझेही हात मागे गेले. मी त्या शाळेत कधीच नव्हते.

फुटपट्टी चटईवर पडून आमच्याकडे बघत होती. चार माणसं, आणि एकाचाही हात पुढे येत नाही. तिने एक उसासा टाकला, अगदी माणसासारखा, आणि मागचे पाय अंगाखाली गोळा केले. एकदा घसरली. दुसऱ्यांदा उठली. मग डुलत, तिरकी तिरकी, न थांबता चालत गेली आणि हेडमास्तरांच्या चपलेवर जाऊन बसली.

हेडमास्तरांनी हात सोडले नाहीत. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात पुढे घेतला नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, पेटी मी गाडीत ठेवून येतो," आणि घाईघाईने बाहेर गेला.

मग हेडमास्तरांनी सवयीने सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. ती मावशीवर येऊन थांबली. तिचा डावा हात पाठीमागे होता. उजवा अर्ध्या वाटेत, कमरेशी अडकलेला.

"बाई, दुसरा हात कुठेय?"

मावशी माझ्याकडे बघू लागली. मी छताकडे बघितलं.

"खांदा आखडलाय, सर," ती म्हणाली. "व्यायाम चालू आहेत. अगदी नेमाने."

हेडमास्तरांनी आता डोळे पुसले, चष्मा नीट लावला आणि तिच्याकडे निरखून बघितलं.

"उद्या तक्ता घेऊन या," ते म्हणाले. "आणि परवाच्या खुणा आज केलेल्या मला चालणार नाहीत."