आत्याच्या धवल्यातली रिकामी जागा

परवा मुर्ध्याला एका हळदीला जाऊन आलो. तसा मी लग्नकार्याला जाणारा माणूस नाही, पण या हळदीत माझा एक मिक्स वाजणार होता... आणि मला त्याची जाम धास्ती होती.

सुरुवातीपासून सांगतो. भाईंदर पूर्वेला माझा छोटा स्टुडिओ आहे, पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर. गिरणीवाला दुपारी एक ते चार बंद ठेवतो, तोच माझा रेकॉर्डिंगचा मुहूर्त.

तीनेक महिन्यांपूर्वी अशाच एका दुपारी रुचिता नावाची मुलगी तिच्या आत्याला घेऊन आली. आत्या धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या विधीची गाणी, म्हणणारी, जिच्यावाचून विधी पुढे सरकत नाही अशी बाई. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं तिने गाऊन लावलेली.

आता लग्न रुचिताचंच होतं, आणि आत्याच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन आठवड्यावर आलेलं. नंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. सगळ्या गावाच्या पोरी गाऊन सासरी धाडल्या आणि घरच्या पोरीच्या वेळी मुकं बसायचं... हे आत्याला सोसवत नव्हतं. म्हणून गाठ काढायच्या आत आवाज ठेवून द्यायचा होता.

हेडफोन तिने लावलाच नाही. हातातल्या बांगड्या मात्र मी सांगायच्या आत काढून पर्समध्ये ठेवल्या. मग डोळे मिटून पाच धवले एका बैठकीत म्हणाली. आवाज असा की मी लेव्हल बघायचं विसरलो.

एकच गोष्ट खटकत होती. एक ओळ म्हणायची आणि थांबायची. ओठ मिटून, मान हळूहळू हलवत. मग पुढची ओळ. मला वाटलं, दम लागतोय बिचारीला. किंवा शब्द आठवतेय...

मग काय, माझे हात शिवशिवले. अडखळणं पुसायचं हेच तर माझं काम! दोन दिवस बसून एकेक थांबा कापला, ओळीला ओळ जोडली, मागे हलकासा तंबोरा सोडला. बावीस मिनिटांचं काम अकरा मिनिटांत बसवलं. स्वतःवरच खूश होतो मी.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी दोघी ऐकायला आल्या. पहिला धवला संपला. दुसरा अर्धा झाल्यावर तिने हात वर केला.

"बाला, यात बायकांना जागाच न्हाय."

कुठल्या बायका, मी विचारलं. मग रुचिताने समजावलं. धवलारीण एक ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका तीच ओळ उचलून परत म्हणतात. तेव्हा कुठे पुढची ओळ.

"मी एकलीच बोलत सुटले तर त्या कवा बोलनार? यो धवला हाय, भाषन न्हाय."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मी ओशाळून मूळ रेकॉर्डिंग उघडलं. नशीब, ते पुसायची सवय नाही मला. आता नीट मोजून बघितलं तर प्रत्येक थांबा आधीच्या ओळीएवढाच निघाला, जेमतेम श्वासभर इकडेतिकडे. बंद खोलीत, एकटीने गाताना, ही बाई मनातल्या मनात पंधरा-वीस बायकांचं ऐकत होती... आणि त्यांचं म्हणून झाल्याशिवाय पुढे जात नव्हती.

भरपाई म्हणून मी म्हटलं, चार गायिका बोलावून त्या जागा भरून देतो. तर आत्या हसली. "रेकाटातल्या बायका कशाला? मांडवान हायेत की."

मी सगळे थांबे परत जिथल्या तिथे ठेवले. तंबोराही काढला.

तर परवाची हळद. मांडवात माणसं भरलेली, रुचिता पाटावर, शेजारी गळ्याला ओढणी गुंडाळून आत्या. स्पीकरमधून पहिली ओळ आली आणि सगळा मांडव गप्प झाला. ओळ संपली... आणि रिकामी जागा सुरू झाली.

कुणीच काही म्हणेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. साऊंडवाल्याला वाटलं गाणं अडकलं, त्याचा हात वायरकडे गेला. चूक माझी नव्हती, पण ती शांतता माझीच वाटत होती.

आणि पाटाशेजारून आवाज आला. घोगरा, फाटलेला, सुरापासून बराच लांबचा. आत्या स्वतःचीच ओळ उचलत होती... मागे बसणाऱ्या बायकांसारखी. जन्मभर पुढे गाणारी बाई पहिल्यांदा मागून म्हणत होती.

दुसऱ्या ओळीला दोन म्हाताऱ्या धावून आल्या. तिसरीला त्यांच्या सुना. पाचव्या ओळीपर्यंत कापडी मांडव दणाणत होता, आणि रुचिता हळदीच्या हातांनीच डोळे पुसत होती. मीही पुसले, लपवत नाही.

पाचही धवले मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलेत. त्यात पंखा आहे, भांड्यांचा आवाज आहे, कुणाचं तरी पोर केकाटतंय. आत्याचा जुना आवाज ओळ टाकतोय आणि नवा आवाज ती झेलतोय.

आज सकाळी सवयीने ती फाइल साफ करायला उघडली होती... ऐकली आणि तशीच बंद केली. आत्या, हे न कापणं तुमच्यामुळे जमलं.