देशाच्या नावानं मोजलेला हात

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मीनाबाई कडा शिवायच्या. कड दुमडायची, सुईखाली द्यायची, कोपऱ्याशी वळवायची, टॉवेल बाजूला. त्यांचा हात इतका झपझप चालायचा, की नव्या बाया आपलं काम सोडून मागं उभ्या राहून बघायच्या. मीनाबाईंना ते आवडायचं. घरी त्यांच्याकडं असं कोण बघणार? नवरा ईश्वर रात्रपाळीचा वॉचमन, दिवसा झोपलेला. मुलगी बुद्धप्रिया नर्सिंगच्या पुस्तकात डोकं घालून.

शेजारच्या मशीनवर सिद्धम्मा बसायची. वयानं मोठी, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, मराठीला कानडी हेल. मीनाबाई कामाला लागल्या त्या आठवड्यात सुई त्यांच्या बोटात आरपार गेली होती. सगळ्या किंचाळल्या. सिद्धम्मानं बोट धरलं, सुई ओढून काढली आणि म्हणाली, “रडू नको, टॉवेलला रक्त लागंल.” तेव्हापासून ती मीनाबाईंची अक्का झाली. आता अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

अशात पुण्याच्या एका संस्थेतून ऋतुजा नावाची मुलगी आली. जगाच्या बाजारात आपला सुती माल पाकिस्तान, तुर्कस्तान, बांगलादेशापुढं किती टिकतो, हे तिला मोजायचं होतं. सुताचा भाव, विजेचा दर, बोटीचं भाडं, सगळं तिनं लिहून घेतलं होतं. एक टॉवेल शिवायला माणसाला किती वेळ लागतो, तेवढं राहिलं होतं.

“मला सगळ्या बायकांची वेळ घ्यावी लागेल,” ती म्हणाली.

शेठ हसले. “सगळ्या कशाला? देशाचं नाव जाणार बाहेर. आमची मीनाबाई घ्या.”

ऋतुजाला संध्याकाळची गाडी गाठायची होती. ती मीनाबाईंच्या मशीनपाशी मोबाइल घेऊन उभी राहिली. “मावशी, नेहमीसारखंच करा हं.”

मीनाबाईंनी नेहमीसारखं केलं नाही. आयुष्यात केलं नव्हतं इतकं भराभर केलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, “मग ताई, आपण त्यांच्या म्होरं हाय का मागं?”

“या वेगानं तर पुढंच आहोत, मावशी.”

सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानंही वाजवल्या.

अहवालात मीनाबाईंचं नाव नव्हतं. त्यांची वेळ ‘सोलापुरातील कामगार’ म्हणून छापली गेली. शेठनी तो अहवाल परदेशी गिऱ्हाइकाला दाखवला. गिऱ्हाइकानं तो नीट वाचला आणि विचारलं, एवढ्या वेगानं काम होतं तर भाव इतका कसा? शेठनी भाव उतरवला. ऑर्डर मिळाली. मग त्यांनी सुपरवायझर प्रभुला बोलावलं. “सूत आपल्या हातात नाही, वीज नाही, बोट नाही. काय आहे? बाया आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून मीनाबाईंचा वेग हेच सगळ्यांचं टार्गेट झालं. बाया पाणी प्यायच्या बंद झाल्या, म्हणजे उठावं लागणार नाही. शिव्या मात्र प्रभुला नव्हे, मीनाबाईंना पडल्या. “लई हौस हिला देशाची!” खुद्द मीनाबाईंनाही तो वेग रोज पेलेना. तरी त्या आपल्या गठ्ठ्यातले टॉवेल हळूच अक्काच्या गठ्ठ्यात सरकवायच्या.

ते छताच्या कॅमेऱ्यात दिसलं.

प्रभुनं जेवणाच्या सुट्टीआधी सगळी मशीनं थांबवली. “सिद्धम्मा, तुम्हाला जमतंय म्हणता ना? मग दाखवा सगळ्यांना.” आणि मोबाइल मीनाबाईंच्या हातात दिला. “वेळ तुम्ही मोजा. वेग तुमचाच आहे.”

अक्कानं पहिला टॉवेल चांगला शिवला. दुसऱ्याच्या कोपऱ्याशी दोरा तुटला. तिनं तो ओठांत ओला केला आणि सुईच्या नाकाशी नेला. दोरा बाजूनं गेला. पुन्हा नेला, पुन्हा बाजूनं. मीनाबाई अर्धवट उठल्या.

“बसा,” प्रभु म्हणाला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघी हसल्या. त्यांचीही पाळी येणार होती, तरी हसल्या. अक्का सुईच्या आसपासच्या हवेत दोरा ओवत राहिली.

“मीना, झाली काय गं वेळ?”

प्रभु त्या क्षणी दाराकडं बघत होता. ‘अजून हाय’ म्हणता आलं असतं. पण मीनाबाईंच्या मनात त्या वेळी दया नव्हती, राग होता. या म्हातारीपायी आपण चोर ठरलो, असा राग.

“झाली,” त्या म्हणाल्या.

अक्का उठली, चप्पल शोधायला तिला थोडा वेळ लागला, आणि गेली.

पुढच्या सोमवारी प्रभुनं मीनाबाईंना मशीनवरून उठवून वेळ मोजायच्या कामावर घेतलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यानंतरच्या रविवारी त्या नीलम नगरला अक्काच्या घरी गेल्या. अक्का उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी.

“अक्का, मी मीना.”

“आवाजानं कळलं की.” अक्कानं हात थांबवला नाही. “तोंड बघायला आलीस व्हय माझं? मला तुजं दिसत न्हाय, तेवढं बरं झालं बघ.”

मीनाबाई उभ्याउभ्याच परत फिरल्या. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

वर्ष सरायच्या आत सुताचा भाव चढला आणि ऑर्डर बांगलादेशला गेली. बायांच्या वेगाशी त्याचा काही संबंध नव्हता. शेठनी निम्मं शिवणखातं बंद करायचं ठरवलं. प्रभुनं मीनाबाईंकडं काढायच्या बायांची नावं मागितली नाहीत, फक्त प्रत्येकीची वेळ मागितली. काही बाया आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन गेल्या. एकीनं पाय धरले. मीनाबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि कुणालाही शब्द दिला नाही.

सकाळी त्यांनी एकेकीला मशीनवर बसवून मोजलं आणि खऱ्या वेळा दिल्या. बुद्धप्रियानं त्या रात्री विचारलं, “आई, एखादीची थोडी कमी सांगितली असती तर काय झालं असतं?”

“मग दुसरी गेली असती,” मीनाबाई म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.