आर्गनवाले साडू

माझ्या थोरल्या साडूंइतक्या निष्ठेने एखादी वस्तू न घेणारा माणूस सबंध खानदेशात झाला नसेल. तसे वस्तू न घेणारे पुष्कळ असतात. परवडत नाही म्हणून किंवा बायको नको म्हणते म्हणून ते गप्प बसतात. आमचे साडू गप्प बसले नाहीत. त्यांनी तब्बल अकरा वर्षं आर्गन वेल्डिंगचं मशीन घेतलं नाही, आणि या न घेण्यापायी धुळे-जळगाव एसटीच्या निम्म्या कंडक्टरांशी त्यांचा घरोबा झाला. धुळ्याच्या देवपुरात त्यांनी घर बांधलं तेव्हा त्याला मुद्दाम गॅरेज काढलं. मोटार नव्हती, पुढेही कधी आली नाही. घरातलं वाहन म्हणजे एक सायकल, आणि तीही बाहेर ओट्याला टेकून उभी, कारण गॅरेजमध्ये मशीनची जागा होती. ती जागा त्यांनी फरशीवर खडूने आखून ठेवली होती आणि अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, रोज तिला वळसा घालून झाडायच्या.

आर्गन म्हणजे काय, हे माझ्यासारख्या शाळामास्तराला त्यांनीच शिकवलं. साधं वेल्डिंग काडीचं, ठिणग्यांचं आणि लोखंडाचं. आर्गनला मात्र एका हातात बारीक टोकाचा टॉर्च धरायचा, टोकाभोवती वायूचं पांघरूण असतं, आणि दुसऱ्या हाताने तार हळूहळू सोडत जायची. ठिणगी नाही, धूर नाही, आणि ॲल्युमिनियमसारखा नाजूक धातूसुद्धा सांधला जातो. साडू ज्या कारखान्यात अर्धं आयुष्य काडीचं वेल्डिंग करत होते, तिथे एकदा असं मशीन आलं. ते चालवायला सर्टिफिकेटवाले दोघे नवीन भरती झाले. साडूंनी साहेबांना विनंती केली, फक्त एक सांधा मला मारू द्या. साहेब म्हणाले, "तुम्ही सिलिंडर धरा." साडूंनी सिलिंडर धरला. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. अक्कांना एवढंच म्हणाले, "ॲल्युमिनियमना एक सांधा मना हातना व्हवाले पाहिजे." पुढची अकरा वर्षं त्या एका वाक्यावर गेली.

दर रविवारी पहिल्या एसटीने ते जळगावला आमच्याकडे यायचे. एकट्याने मशीन बघायला जाणं त्यांना बरं दिसत नसे, म्हणून मी बरोबर. त्यांच्या कापडी पिशवीत तीन वस्तू असत: रुमालात गुंडाळलेली स्वतःची वेल्डिंगची काळी काच, एक लोहचुंबक आणि दुधाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचं तडकलेलं झाकण. दुकानात शिरलं की ते झाकण पुढे करायचे आणि म्हणायचे, "हाई सांधी दखाडा." दुकानदाराचा कारागीर तड सांधून द्यायचा. साडू काचेतून डोळ्यांत प्राण आणून बघायचे, तोंडभरून कौतुक करायचे, आणि धुळ्याला गेल्यावर हॅक्सॉने तोच सांधा कापून आत पोकळी आहे का ते तपासायचे. पोकळी सापडायचीच. पुढच्या रविवारी नव्या दुकानात तेच झाकण नव्या चिरेसकट हजर. शेवटी शेवटी त्या झाकणात मूळ झाकण फारसं उरलं नव्हतं.

परवडणारं मशीन हवं, असं ते सगळीकडे सांगत, पण शेठ किंमत उतरवू लागले की साडू घाबरायचे. "इतलं स्वस्त देस म्हणजे काहीतरी शे," असं माझ्या कानात म्हणून चपला घालायचे. एक मशीन स्टीलवर फर्मास चालायचं, पण ॲल्युमिनियम म्हटलं की अडून बसायचं. एक एवढं अवजड होतं की गॅरेजच्या दाराची चौकट काढावी लागली असती. एक फारच पसंत पडलं होतं, पण ते पेटवताक्षणी शेजारच्या चहावाल्याच्या टीव्हीवर रेघाच रेघा उमटल्या. क्रिकेटचा सामना ऐन रंगात आला होता. चाळीसएक माणसं आमच्या दिशेने निघालेली पाहून साडूंनी ते मशीन नापसंत केलं.

हे वेड मशीन बघायच्या दिवसापुरतं राहिलं असतं तरी आम्ही निभावून नेलं असतं. पद्मालयाला गेलो तर आम्ही गणपतीपुढे हात जोडतोय आणि साडू कठड्याचे सांधे चाचपताहेत. एरंडोलला एका लग्नात तर त्यांनी रुखवतातल्या स्टीलच्या भांड्यांना चुंबक लावून पाहिलं. चांगल्या स्टीलला तो सहसा चिकटत नाही. इथे प्रत्येक डब्याला चिकटला. ते त्यांनी मनातच ठेवायचं की नाही? नवरीचे मामा तासभर फुगून बसले होते आणि अक्कांनी त्यांना हातापाया पडून पंगतीला आणलं. परतीच्या एसटीत अक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या, आणि साडूंना वाटलं त्यांना झोप लागली असावी.

साडू निवृत्त झाले त्या वर्षी अक्का त्यांना चहा अर्धा कपच देऊ लागल्या. मला आधी कारण कळलं नाही. मग बशी वाजायला लागली तेव्हा कळलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं आणि गोळ्या दिल्या. काडीचं वेल्डिंग थोडंफार चुकलेलं खपवून घेतं. आर्गनला हात स्थिर लागतो. मला तेव्हा प्रथमच या माणसाची भीती वाटली, म्हणजे त्याच्यासाठी वाटली.

मग महिन्याभरात त्यांनी मशीन घेतलं. जळगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातलं, जुनं पण धडधाकट. टेम्पोने ते देवपुरात आलं, चौघांनी उचलून बरोबर खडूच्या रेघांत ठेवलं, अक्कांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. वायरमन आला, त्याने मशीनकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं आणि विचारलं, "नाना, याला थ्री फेज लागते. तुमच्याकडे सिंगल आहे ना?"

साडू खाली बसले. कारखान्यात ती लाइन असायचीच, दुकानांत असायचीच. घरात नाही, हे अकरा वर्षांत त्यांना सुचलं नव्हतं. मलाही नाही. अक्का नारळाचं खोबरं वाटता वाटता म्हणाल्या, "बठ्ठी दुनिया देखी उनात, आनि घरनी लाइन देखी नही!"

तर मशीन शेवटी शिरपूरकडच्या त्यांच्या शेतात गेलं, विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीत, कारण थ्री फेज तिथे होती. तीही पाळीने. आणि तिथे वारा होता. आर्गनचा वायू वाऱ्याने उडून जातो आणि सांधा काळा पडतो. म्हणून खोपीच्या उघड्या बाजूला मी आणि अक्का एक गोधडी ताणून उभे राहिलो. समोर दुधाचा एक चिरलेला कॅन. साडूंनी काच डोळ्यांवर बांधली, कोपर पाटावर टेकलं आणि निळा प्रकाश पडला. त्या प्रकाशाकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नसतं, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. चार-पाच मिनिटं फक्त सुं सुं असा आवाज येत होता.

सांधा वेडावाकडा झाला होता, कुठे जाड, कुठे बारीक. अक्कांनी कॅन पाण्याने भरला. थेंबसुद्धा गळला नाही. साडूंनी काच काढली आणि कॅन मांडीवर घेऊन बसले.

"हात हालस," ते म्हणाले. "धा वरीस पहिले हाऊ सांधा सरळ जाता."

मला राहवलं नाही. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. अगदी सुरुवातीला, जळगावातच मेहरूणच्या एका वर्कशॉपात एक लहानसं मशीन निघालं होतं, ज्यात त्यांनाही खोट सापडली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो होतो, "भाऊ, अजून एक-दोन बघून घेऊ." मशीनमधलं मला काय कळत होतं? मशीन आलं की त्यांचं रविवारी येणं थांबेल, एवढं मात्र कळत होतं. ते सगळं मी त्यांना सांगितलं आणि माफी मागितली.

साडू कॅनकडेच बघत होते. "साडूभाऊ, माले बी त्या दिन तेच ऐकानं व्हतं," ते म्हणाले. "मशीन लिधं, आनि माले जमनं नही, मंग?"

तेवढ्यात लाइन गेली. अक्का गोधडीची घडी घालू लागल्या. मी कॅनमधलं पाणी बांधावरच्या लिंबाला ओतलं.

पुढच्या रविवारी पहिल्या एसटीने मीच धुळ्याला गेलो. आम्हाला काहीही बघायला जायचं नव्हतं.