त्याची जखम मी बघितली होती

"हिच्या हातून सुई नको," ती बाई म्हणाली.

माझ्या हातात सिरिंज होती. उकळून काढलेली, अजून कोमट. बाईच्या कडेवर तिचं पोर. त्या पोराला जन्मापासूनचे सगळे डोस मीच दिले होते. आज तिनं त्याचा दंड पदराखाली झाकला आणि रांगेतल्या बायकांकडे तोंड करून म्हणाली, "यांचा काय भरवसा? एकानं म्हातारीचा जीव घेतला. आता ही त्याच्या बाजूनं बोलणार म्हणे."

रांगेतली एक बाई उठली. मग दुसरी उठली. डॉक्टर आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं, त्यांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, ते बाहेर येऊन त्या बाईला दोन शब्द सुनावतील. ते म्हणाले, "सिस्टर, आजपासून तुम्ही स्टोअर बघा. पेशंटसमोर नको."

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि स्टोअरमध्ये जाऊन कापसाचे गठ्ठे लावत बसले. रडले नाही. पण त्या दिवशी कापूस मोजताना चारदा चुकले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वाशीत तेव्हा मोजकेच सेक्टर होते. खाडीवरचा पूल होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या इमारती, नवी माणसं, कोणी कोणाला ओळखत नाही. मला ते बरं वाटायचं. मी रत्नागिरीकडची. गावात आमचं घर गावाबाहेर. इथं कोणाला काय माहीत? आडनाव गावावरून लावलेलं, शेवटी 'कर'. भाड्याची खोली घेताना त्या 'कर'वर भागलं. बुद्धाचा फोटो ट्रंकेत, साड्यांच्या खाली. मी खोटं बोलत नव्हते. कोणी विचारत नव्हतं आणि मी सांगत नव्हते. सव्वीस वर्षांची होते आणि याला मी शहाणपण समजत होते.

आमच्या दवाखान्यात डॉक्टर, मी आणि एक आयाबाई. आयाबाई इथल्याच, जुई गावच्या. त्यांना मी मावशी म्हणायचे.

मेल्या त्या कुमुदताई. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. दर मंगळवारी बीपी बघायला आमच्याकडे यायच्या. प्रेमळ वगैरे नव्हत्या. "पट्टा घट्ट बांधू नका, सिस्टर," एवढंच बोलायच्या. एका सकाळी साडेदहाला त्या गॅलरीत उभ्या राहून शेजारणीशी बोलल्या. साडेअकराला त्याच शेजारणीला त्यांचं दार उघडं दिसलं. आत कुमुदताई पडलेल्या. डोक्यात वरवंटा घातला होता.

संध्याकाळी पोलिसांनी किसनला उचललं. किसन प्लंबर. दुष्काळात जालन्याकडून आला, तुर्भ्याच्या झोपडपट्टीत राहायचा, बायको आणि एक मुलगी. त्या दिवशी सकाळी तो त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बेसिन बसवत होता. आदल्या आठवड्यात कुमुदताईंचा नळ त्यानंच बदलला होता. त्याच्या शर्टावर रक्त होतं. पुढे तपासात कळलं की त्याचा आणि कुमुदताईंचा रक्तगट एकच. एवढं पुरलं.

पण किसन त्या वेळी आमच्याकडे होता. बेसिन फुटलं आणि त्याचा तळहात उभा फाटला होता. दहा वीसला आला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, अनुक्रम चौदा, नाव, वेळ, जखम. डॉक्टरांनी सहा टाके घातले. मावशींनी ट्रे धरला. टाके घालताना त्याला घेरी आली, म्हणून त्याला बाकावर आडवं केलं. बाराला उठून गेला. जाताना म्हणाला, "बाई, काम आर्धं राहिलं. शिव्या पडत्याल."

म्हणून मी चौकीत गेले. मला वाटलं, सांगायचं आणि यायचं. दहा मिनिटांचं काम.

हवालदारानं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "गाव कुठलं?"

मी सांगितलं.

"वाडी कुठली?"

कोकणातल्या माणसाला वाडी विचारली की पुढचं काही विचारावं लागत नाही. पहिल्यांदाच माझ्या तोंडून ती वाडी या शहरात बाहेर पडली. तो हसला. "अस्सं. म्हणजे तुमच्यातलाच." त्यानं ते शेजारच्याला सांगितलं, माझ्यासमोर. दोन दिवसांत अख्ख्या सेक्टरला माझी जात कळली. त्याच आठवड्यात ती पोरवाली बाई आली.

पुढचे महिने मी शहर बघितलं. खरं शहर. पेपरात किसनचा फोटो आला, वर मोठ्या अक्षरात 'नराधम'. अजून आरोपपत्रसुद्धा नव्हतं. सोसायट्यांच्या बायकांनी मोर्चा काढला, 'फाशी द्या' लिहिलेले पुठ्ठे घेऊन. त्या मोर्चात माझ्या ओळखीच्या किमान वीस जणी होत्या. तुर्भ्याच्या बायकांना धुण्याभांड्याच्या कामावरून काढलं. इमारतींच्या दारांवर 'झोपडपट्टीवाल्यांना प्रवेश बंद' अशा पाट्या लागल्या. आजूबाजूचा एकही वकील केस घेईना. शेवटी कल्याणहून एक म्हातारे वकील आले. शर्टाची कॉलर उलटून शिवलेली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, माझ्याकडे तुम्ही आणि ते रजिस्टर, एवढंच आहे. डॉक्टर काय बोलतील?"

मी म्हटलं, "खरं बोलतील. टाके त्यांनीच घातलेत."

मी मावशींना विचारलं. त्या फिनेलची बादली घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मना काय ठाव नाय, बाय."

"मावशी, ट्रे तुमीच धरलेला."

"माझी पोरगी लग्नाची हाय. गावान बोलतील, ही त्यांच्यान गेली." मग खाली बघत लादी पुसायला लागल्या. त्यांची जमीन शहरासाठी गेली होती, आणि त्याच जमिनीवरच्या दवाखान्यात त्या फरशी पुसत होत्या. तरी आमच्यापेक्षा एक पायरी वर होत्या. ती पायरी त्यांना सोडवेना.

कोर्टातल्या साक्षीच्या तारखेच्या चार दिवस आधी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दाखवली. कधी दाखवायचे नाहीत.

"सिस्टर, तुमची नोकरी अजून टेंपररी आहे."

"हो, सर."

"त्या तारखेला रजा टाका. ताप आला म्हणा. सर्टिफिकेट मी देतो."

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. स्वच्छ हात, कापलेली नखं. त्याच हातांनी किसनला टाके घातले होते. मी इतकी वर्षं अशा हातांना घाबरले. शाळेत मास्तरांच्या, नर्सिंगला मेट्रनच्या. माझ्या घशात 'हो सर' तयार होतं. सवयीनं ते आपोआप वर यायचं.

मी म्हटलं, "मला ताप नाही, सर."

"मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"मला ताप नाही," मी परत म्हटलं आणि उठले. बाहेर आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की 'नाही' म्हटल्यावर छत कोसळत नाही.

कोर्टात गर्दी होती. मोर्चातल्या बायका डबे घेऊन आलेल्या. किसन पिंजऱ्यात. हातावरचा व्रण मला लांबून दिसत होता. आधी डॉक्टरांची साक्ष झाली. आमच्या वकिलांनी रजिस्टर पुढं केलं.

डॉक्टर म्हणाले, "सही माझी आहे. हा पेशंट मला आठवत नाही. वेळ सिस्टर लिहितात."

तीन वाक्यं. एकही वाक्य संपूर्ण खोटं नाही. शिकलेली माणसं असं मारतात.

मग मी उभी राहिले. सांगायचं ते सांगितलं. सरकारी वकील उठले.

"आरोपी तुमचा कोण?"

"कोणी नाही."

"जात एकच ना?"

आमचे वकील हरकत घ्यायला उठले. तोवर मागे हशा पिकला होता. ते हसणं माझ्या मानेवर बसलं. सरकारी वकील हसू संपायची वाट बघत राहिले.

"तुमच्यात एकमेकांना सांभाळून घेतात, असं म्हणतात. ही ओळ तुम्ही नंतर घुसवली."

"नाही."

"त्याच्या जातीचं तुम्हाला आधीच माहीत होतं."

मी म्हटलं, "साहेब, मी त्याची जखम बघितली. रजिस्टरात जातीचा रकाना नाही. तुमच्याकडे असेल."

हशा थांबला. न्यायाधीश म्हणाले, "विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या."

मी उत्तर दिलं होतं. त्यांना ते नको होतं.

किसनला जन्मठेप झाली. निकालात माझ्याबद्दल एक ओळ होती. साक्षीदार आरोपीच्या जातीची असल्यामुळे हितसंबंधी आहे, सबब तिच्या साक्षीवर विसंबता येत नाही. पिंजऱ्यातला माणूस, वर बसलेला माणूस, सगळ्यांना जात होती. हितसंबंध मात्र फक्त माझे. सरकारी वकिलाची जात आणि मेलेल्या बाईची जात एकच होती. ते कोणी विचारलं नाही. बाहेर पेढे वाटले. एकीनं माझ्यापुढंही पुडा धरला, मुद्दाम. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. तिनंच हात मागं घेतला.

महिन्याभरात नोकरी गेली. टेंपररीला कारण लागत नाही. घरमालक दारात आला. बरा माणूस होता, माझ्याकडून बीपी बघून घ्यायचा. म्हणाला, "तुमी आदी सांगितला नाय."

"तुमी विचारलं नाय," मी म्हटलं.

नेरूळला एका खासगी नर्सिंग होममध्ये काम मिळालं. तिथं खोली बघायला गेले आणि दारातच, नाव सांगायच्या आधी जात सांगितली. तीन दारं बंद झाली. चौथं उघडलं. पहिल्याच दिवशी ट्रंक उघडून फोटो भिंतीवर लावला. खिळा ठोकताना बोटावर हातोडी बसली. शेजारीण आवाज ऐकून बघायला आली, फोटो बघून गेली. जाऊ दे.

म्हातारे वकील थांबले नाहीत. वरच्या कोर्टात अपील केलं. तिथं रजिस्टरचं पान कोणीतरी नीट वाचलं. चौदा नंबरची ओळ माझी. पंधरा नंबरची ओळ डॉक्टरांच्या हातची, कुत्रा चावलेला पेशंट, वेळ दहा पन्नास. नंबर सलग, मध्ये जागा नाही. मग माझी ओळ नंतर घुसली कशी? किसन सुटला. तीन वर्षांनी. ती पंधरावी ओळ डॉक्टरांनी किसन समोर बाकावर पडलेला असताना लिहिली होती. साक्ष देताना त्यांना ती आठवत नव्हती, असं मी मानत नाही.

पेपरात चार ओळी आल्या, आतल्या पानावर. फोटो नाही. वाशीतले लोक म्हणत राहिले, सुटला. निर्दोष होता, असं कोणी म्हणालं नाही.

किसन मला भेटायला नेरूळला आला. उंबऱ्याबाहेरच बसला. मी म्हटलं, आत ये. आत आला, तरी भिंतीला लागून बसला. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली होती, परत यायला तयार नव्हती. तुर्भ्यात त्याच्या झोपडीत दुसरं बिऱ्हाड. नळाचं काम त्याला कोणी देईना. म्हणून आता नाक्यावर मजुरीला उभा राहत होता. मी चहा दिला. त्यानं चहा पिऊन कप खाली ठेवला.

मग म्हणाला, "बाई, मी न्हाई मारलं."

"मला माहीत आहे, किसन."

"मग म्हातारीला मारलं कुनी?"

लाज वाटली. तीन वर्षं मी किसनसाठी लढले. पण हा प्रश्न मीसुद्धा विचारला नव्हता. फाशी द्या म्हणत फिरलेल्या बायकांनी विचारला नव्हता. पेपरनं नाही, पोलिसांनी नाही. त्यांना खुनी नको होता. त्यांना आमच्यातला एक माणूस हवा होता. तो मिळाल्यावर कुमुदताईंची फाईल मिटली. आणि जो मारून गेला तो कुठंतरी जेवतोय, झोपतोय, कदाचित मोर्चातही चालला असेल.

मी अर्ज लिहिला. नव्यानं तपास करा. सह्यांसाठी कुमुदताईंच्या इमारतीत गेले. शेजारीण, जिनं त्यांना जिवंत शेवटचं बघितलं, दार अर्धं उघडून म्हणाली, "जुनं कशाला उकरता? आता सोसायटीत शांतता आहे." बाकीच्यांनी दारच उघडलं नाही.

एकटीची सही घेऊन चौकीत गेले. इन्स्पेक्टर नवीन होता. त्यानं अर्ज वाचला.

"तुमचा माणूस सुटला ना? मग आता काय?"

"कुमुदताई माझी पेशंट होती."

"ती तुमच्यातली नव्हती."

"साहेब, मी तिचं बीपी बघायचे. तिचा माणूस म्हणून कोणी येत नाही. मी आले."

त्यानं अर्ज फाईलखाली सरकवला. मी म्हटलं, पोच द्या. तो म्हणाला, नंतर या. मी बाकावर बसले. दुपार झाली, चहा येऊन गेला, हवालदार दोनदा येऊन बघून गेला. चार वाजता इन्स्पेक्टरनं शिक्का मारून कागद माझ्याकडे टाकला.

मी तो उचलला आणि सांगितलं, "पुढच्या महिन्यात येते. काय तपास झाला ते विचारायला."

गेले. त्याच्या पुढच्या महिन्यातही गेले. तो इन्स्पेक्टर बदलून गेला. त्याच्या जागी आलेल्याला मी पहिल्या दिवशी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वाडी सांगितली. तो विचारायच्या आधी. मग विचारलं, कुमुदताईंना कोणी मारलं?

तोही बदलेल. जो येईल त्याला हेच विचारणार.