आक्काच्या टाकीतली अकरा पंक्चरं

हवाकाका पहिल्यांदा नजरेत भरला तो पाठमोरा. शाळेच्या फाटकासमोर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक शटर, एक बाक, खुंट्यांवर लटकलेल्या ट्यूबा आणि दारात सिमेंटचा गुडघाभर हौद. त्या हौदावर ओणवा होऊन, फुगवलेली ट्यूब पाण्यात दाबून तो बगळ्यासारखा उभा होता. मागे शाळेतल्या नव्या बाई आपली लंगडी सायकल धरून खोळंबल्या होत्या.

"फार वेळ लागेल का हो?" बाईंनी विचारलं.

त्याने मान न वळवता एक बोट वर केलं. ते 'एक मिनिट' सांगणारं बोट नव्हतं, 'गप्प' सांगणारं होतं. बाई स्वतः वर्गात दिवसातून तीस वेळा ते बोट उगारत असत. ते आपल्यावरच उगारलेलं पाहून त्यांना हसू आलं आणि त्या निमूट बाकावर टेकल्या. इतक्यात पाण्यातून मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला.

"सापडला चोर!" हवाकाका म्हणाला आणि तेव्हा कुठे त्याने मागे वळून पाहिलं.

चाळीस वर्षं त्याने जगात एकच शत्रू मानला होता: पाण्यातला बुडबुडा. जिथे बुडबुडा तिथे भोक, आणि जिथे भोक तिथे त्याचा पॅच. पॅच लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "ट्यूब मरेल, पण माझा पॅच सुटणार नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. घरात चहाला उकळी आली तरी हे दचकून बघतात, असं त्याची बायको सांगे. यातला दचकण्याचा भाग तिने पदरचा घातलेला असावा. बघण्याचा नव्हे.

दुकानाच्या वर त्याचं घर आणि त्याच्याही वरच्या मजल्यावर त्याची मोठी बहीण, आक्का. नवरा गेल्यापासून आक्का एकटीच राहायची, पण तिला एकटी म्हणायची सोय नव्हती. खिडकीजवळ चार फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात तिचं अख्खं सासर पोहत होतं. टपोरी, केशरी आणि दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवणारी ती सासूबाई. काळे, डोळे वटारलेले ते थोरले दीर. एकमेकींना न सोडणाऱ्या दोघी नणंदा. कोपऱ्यात तोंड करून बसणारे मामेसासरे. आणि सगळ्यांत लहान, पांढरी, कपाळावर लाल ठिपका असलेली धाकटी जाऊ. खऱ्या सासरी आक्काने तीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं. ती सगळी बाकी ती आता रोज सकाळी टाकीसमोर बसून वसूल करायची.

या टाकीपासून हवाकाकाला दोन हात लांब उभं राहायचा हुकूम होता. कारण जुनं होतं. आठ वर्षांचा असताना त्याने आक्काच्या मांजराच्या पिल्लाच्या मिशा कातरल्या होत्या. दूध पिताना आडव्या येतात म्हणून. पिल्लू आठवडाभर दारांना धडकत हिंडलं. तेव्हापासून साठी उलटेपर्यंत आक्काने भावाच्या हाती जिवंत असं काही सोपवलं नव्हतं. न बिघडलेलं दुरुस्त करायचं ही त्याची खोड ती पुरती ओळखून होती.

पण आक्काला मोतीबिंदू झाला. लेकीच्या गावी ऑपरेशन ठरलं आणि आठ दिवस जाणं भाग पडलं. भावजयीला जिने चढून गुडघे दुखायचे. राहता राहिला तो.

निघताना आक्काने त्याला समोर बसवून कागद वाचून दाखवला.

"अन्न रोज एक चिमूट. माझी चिमूट, तुझी नव्हे. काच वाजवायची नाही. दुपारी पडदा ओढायचा. मशीनचं बटण बंद करायचं नाही. आणि धाकट्या, पाचवं नीट ऐक. काही म्हणजे काही दुरुस्त करायचं नाही."

"आक्का, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर शेजारणीकडे ठेवून गेले असते. तुला कोण ठेवून घेणार?"

रिक्षात बसतानाही ती वर खिडकीकडेच बघत होती. हवाकाकाने मनाशी पक्कं केलं, की आक्का परत येईल तेव्हा सहाच्या सहा मासे टाकीत हवेत, आणि मांजराचा विषय त्या दिवशी कायमचा मिटायला हवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, वर गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकीला नाक लावून बसला. शेजारी मशीन गुरगुरत होतं. त्यातून निघालेली रबरी नळी पाण्यात उतरून तळाशी वेटोळं घालून पडली होती, टोक दोऱ्याने गच्च बांधलेलं. आणि त्या वेटोळ्यातून बुडबुडे येत होते! एक नव्हे, दोन नव्हे, चांगल्या अकरा ठिकाणांहून.

सख्ख्या भावाचं पंक्चरचं दुकान खाली, आणि वर बहिणीची नळी चाळणीसारखी गळतेय!

ही नळी तिथे कशासाठी आहे, हा प्रश्न त्याला पडला नाही. ट्यूब कशासाठी आहे हे तो कधीच विचारत नसे. ती गळते की नाही एवढंच विचारे. मासा पाण्यातला, हवा टायरातली, दोघांचा संबंध काय? पाचवी सूचना त्याला आठवली, नाही असं नाही. पण पंक्चर काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, ते कर्तव्य आहे, असा त्याने निकाल दिला.

नळी काढून त्याने कोरडी केली, घासली, सोल्युशन लावलं, नखाएवढे अकरा पॅच कापून एकेक बसवला आणि संध्याकाळपर्यंत सुकवला. इतकं नाजूक काम त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. नळी पुन्हा पाण्यात सोडली. एक बुडबुडा नाही! त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला.

सकाळी वर गेला तर सहाही मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन, तोंडं वर करून त्याच्याकडे बघत होते. त्याला गहिवरून आलं. त्याने बायकोला हाक मारली.

"अगं, ये तरी वर! लळा लागला त्यांना माझा. बघ कसे भेटायला आलेत!"

त्याने कौतुकाने एक चिमूट टाकली. ही चिमूट मात्र त्याची होती. आश्चर्य म्हणजे सासूबाईंनीसुद्धा तोंड लावलं नाही.

बायको गुडघे धरत आली. कमरेवर हात ठेवून तिने टाकीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

"हा लळा नाही. सर्दी झाली की तुम्ही असंच तोंड उघडून झोपता. श्वास कोंडलाय त्यांचा. बुडबुडे कुठे गेले?"

"काढले. अकरा पंक्चरं होती."

"अहो, पंक्चरं नव्हती ती! त्यातूनच तर हवा मिळायची त्यांना. वन्संनी मला शंभर वेळा सांगितलंय, मशीन हवा सोडतं, ती पाण्यात मिसळते, तीच मासे घेतात. मांजराच्या मिशा कातरल्यात तुम्ही पुन्हा!"

हवाकाका मटकन स्टुलावर बसला. आणि तसाच उठला. नळी ओढून काढली आणि पॅच उचकटायला लागला. नखाने, चिमट्याने, दाताने. एकही हलला नाही. चाळीस वर्षं मारलेली फुशारकी शब्दशः खरी निघाली होती, आणि असा दिवस निवडून.

नळी बदलायची म्हणून त्याने मशीनला दुसरी लावून पाहिली, तर मशीन नुसतंच घरघरलं. हवा कोंडून आतला रबरी पडदा फाटला होता.

"तुम्ही काय ते करा, मी आहे इथे," बायको म्हणाली. तिने तांब्या घेतला आणि टाकीतलंच पाणी भरून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायला सुरुवात केली. पाणी खळबळेल तेवढी हवा त्यात जाईल, एवढं तिला कळत होतं. हवाकाका दोन दोन पायऱ्या गाळत दुकानात आला. बाकावर एक गिऱ्हाईक बसलं होतं.

"आज दुकान बंद! सासूबाईंना श्वास लागलाय."

"अरेरे," ते गिऱ्हाईक उठलं. "दवाखान्यात न्या लवकर."

"नको, आधी हवा भरून बघतो," असं म्हणून हवाकाकाने पायपंप काखोटीला मारला आणि अडगळीतली मालट्रकची जुनी ट्यूब खांद्यावर टाकून तो जिन्याने वर पळाला. ते गिऱ्हाईक बराच वेळ रस्त्यात उभं होतं म्हणतात.

ट्रकची ट्यूब टम्म फुगली. तिच्या तोंडाला त्याने कोरी रबरी नळी जोडली, टोक बांधलं. आता उरलं एकच काम: त्या नळीला भोकं पाडायची. बायकोने पदराला टोचलेली सुई पुढे केली. हवाकाकाचा हात हवेतच राहिला. धंदा वाढावा म्हणून काही जण रस्त्यात खिळे टाकतात, असं लोक बोलतात. त्याच्या हातून आजवर एकाही ट्यूबला मुद्दाम टाचणी लागली नव्हती.

"द्या इकडे, मी पाडते," बायको म्हणाली.

"नको. मिशा मी कातरल्या, मीच बघतो."

डोळे मिटून त्याने सुई टोचली. एक, दोन, तीन. डोळे मिटलेले, त्यात मोजणी चुकली आणि एक भोक जास्तच पडलं. बारा झाली. नळी पाण्यात गेली आणि बारा ठिकाणांहून बुडबुड्यांच्या माळा वर निघाल्या. शत्रूची एवढी फौज पाहून जन्मात पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं.

तासाभराने मामेसासरे कोपऱ्यात परतले. दुपारी सासूबाईंनी धाकट्या जावेच्या शेपटीला चावा घेतला. "तब्येत सुधारली," बायको म्हणाली आणि गुडघे चोळत खाली गेली.

ट्यूब दर दोन तासांनी भरावी लागायची. संध्याकाळी आक्काचा फोन आला तेव्हा हवाकाकाचा एक पाय पंपावरच होता.

"धाप का लागलीय तुला?"

"जिना चढलो."

"अजून चढतोयस? कसला फसफस आवाज येतोय?"

"आक्का, तू डोळ्यात औषध घाल बघू. मासे मजेत आहेत."

पुढे त्याने मशीन उघडलं, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून पडद्याच्या मापाचा तुकडा कापून आत बसवला आणि मशीन पुन्हा श्वास घ्यायला लागलं. बारा भोकांची नळी त्याने मशीनला जोडली, ट्रकची ट्यूब आणि पॅचवाली नळी अडगळीत गेली. पुरावा म्हणून काही उरलं नाही. आक्काला तर महिनाभर नीट दिसणारही नव्हतं. बायको म्हणाली, "सांगून टाका." तो म्हणाला, "बघू."

आठव्या दिवशी आक्का काळा चष्मा लावून आली. चप्पल काढून थेट टाकीजवळ खुर्ची ओढून बसली आणि मान कलती करून तिने कान लावला. हवाकाका दोन हात अंतरावर उभा राहिला. सवयच होती.

"धाकट्या," ती म्हणाली, "हा माझा आवाज नाही. माझी टाकी पुटपुटायची. ही गुळण्या करतेय."

हवाकाकाने बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती. मग त्याने सांगितलं. पॅचपासून ट्रकपर्यंत सगळं, मधे श्वास न घेता.

"सासूबाई?" तिने विचारलं.

"आहेत."

"थोरले दीर?"

"आहेत. रागावलेत, पण ते नेहमीचेच."

"नणंदा? मामे?"

"सगळे आहेत."

"धाकटी जाऊ?"

"आहे. शेपटी जरा कुरतडलीय. ते माझं काम नाही, सासूबाईंचं."

आक्काने हात पुढे केला. "ती जुनी नळी आण."

तिने नळी मांडीवर घेतली आणि बोटांनी चाचपत एकेक पॅच मोजला. अकरा झाले. अकराव्यावर तिचं बोट थांबलं.

"आमच्या ह्यांनी ही भोकं पाडायला दोन रविवार घालवले होते," ती म्हणाली. "सुई गरम करून, भिंग लावून. बुडबुडा मोहरीएवढाच हवा म्हणायचे. तू एका दुपारी बुजवलीस."

हवाकाकाची मान खाली गेली.

"सुटतो का रे एखादा?"

"नाही आक्का. सगळं करून पाहिलं."

"मेल्या, काम मात्र चोख करतोस," असं म्हणून आक्का जी हसायला लागली, ती चष्मा ओला होईपर्यंत. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं. हसू नका म्हणायला ते विसरले होते. शेवटी भावजयीने दटावलं, "पुरे वन्सं, टाका तुटेल."

आक्काने चष्म्याखालून डोळ्यांच्या कडा टिपल्या. "त्या पोरीला सासूबाईंपासून लांब ठेवायला हवं. शेपटी वाढेपर्यंत तू घेऊन जा तिला."

"मी?"

"मग काय ट्रकवाला? हौद आधी नीट घासून घे. आणि भोकं अकराच पाड."

ती अकरा भोकं पाडायला त्याला तीन दिवस लागले. भिंग शाळेच्या प्रयोगशाळेतून बाईंनी आणून दिलं. शेपटी महिनाभरात वाढली, पण धाकटी जाऊ काही परत वर गेली नाही. तिला सोबत म्हणून पुढे आणखी दोघी आल्या.

हल्ली हवाकाका ट्यूबा निळ्या बादलीत बुडवून तपासतो. हौदात मासे आहेत.