आमच्या योद्ध्याचा जन्म
नव्या प्लास्टिकचा वास आला की मला एक खेळण्यातला योद्धा आठवतो. सोलापुरात आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खडखड चालायची, आणि समोर राहणाऱ्या विणकराच्या मुलीत आणि माझ्यात मिळून तो एकच योद्धा होता. त्याच्यासोबत आलेल्या कॉमिकमध्ये तो दुसऱ्या ग्रहावरून हाकललेला राजपुत्र होता. पुढे टीव्हीवर त्याचं कार्टून लागलं, तर त्यात तो चक्क प्रयोगशाळेत बनवलेला निघाला! मी राजपुत्रावर अडून बसले. ती म्हणाली, “टीव्हीत दाखवलंय की! ते काय खोटं हाय व्हय?” भांडण इतकं पेटलं की आम्ही बोलणंच टाकलं. योद्धा मात्र तिच्या आईच्या हातून या घरातून त्या घरात जात-येत राहिला. मला तिच्याशिवाय त्याच्याशी खेळावंसंच वाटेना. सुट्टीत त्याचं दुसरं कार्टून आलं. त्यात तो जादूची तलवार सापडलेला साधा मेंढपाळ होता. भाग संपायच्या आतच ती धापा टाकत आमच्या दारात उभी राहिली. “बघितलीस का गं? ह्यांचं ह्यांनाच माहीत न्हाय की!” आम्ही पोट धरून हसलो. मग पायरीवर बसून, शेंगाचटणी-भाकरी खात, आम्ही आमचं ठरवून टाकलं: तो सोलापुरातच जन्मला, आणि इथल्या उन्हानं त्याचं चिलखत असं तांबडंलाल झालं. आता त्याच योद्ध्याचा नवा सिनेमा बघून माझा मुलगा विचारतो, “आई, ह्याची खरी गोष्ट कुठली?” मी जराही न अडखळता आमचीच सांगते.