चिझुरूबाईंचं खरं नाव

ओसाकातल्या त्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत गेमच्या शेवटी कुणाचंच खरं नाव झळकत नसे. दुसऱ्या कंपन्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून सगळ्यांना टोपणनावं घ्यावी लागत, 'टकलू बेडूक', 'रात्रपाळी' असली. अडून बसली ती एकटी चिझुरू सुगिमोरी. लहानपण अमेरिकेत गेलेलं, इंग्रजी फर्डं, आणि कंपनीत काम काय, तर सगळ्यांना चहा द्यायचा! आई टोचून बोलायची, "एवढं शिकलीस ती ट्रे उचलायला?"

उड्या मारत डोंगर ओलांडणाऱ्या पोराचा गेम अमेरिकेत जायचा ठरला. त्यातली गोष्ट इंग्रजीत करायला तिच्याशिवाय होतं कोण?

"करते. पण खाली माझं खरं नाव हवं."

"तुम्हाला कोण पळवणार, बाई!" कुरामोची साहेब खो खो हसले आणि हो म्हणाले.

इंग्रजी जपानीपेक्षा जास्त जागा खातं, आणि गेम ज्या चिपमध्ये भरायचा तिच्यात जागा बेताची. चिझुरूने काटछाट केली, पण गोष्टीचा जीव जाऊ दिला नाही. शेवटी पोराला हरवलेला बाप सापडतो. तिथे तिने लिहिलं, 'बाबांनी ओळखलं नाही. पण शेजारी बसायला जागा करून दिली.' लिहिताना ती स्वतःच रडली.

आणि ऐनवेळी साहेबांना आणखी एक राक्षस घालायची हुक्की आली. जागा संपली. शब्दकोश घेऊन त्यांनीच तिची वाक्यं छाटली. तिला कळेपर्यंत चिपा तयार झाल्या होत्या.

"मग माझं नाव तरी काढा!"

"आता कसं काढणार? हट्ट तुमचाच होता ना?"

आईने घरच्या टीव्हीवर गेम लावून शेवटी लेकीचं नाव पाहिलं, शेजारणींना बोलावून दाखवलं. चिझुरूने सगळ्यांना चहा दिला.

पुढे इंटरनेट आलं आणि जग साहेबांनी छाटलेल्या त्या शेवटच्या वाक्यावर लोळून हसलं, 'बाप मिळाला! तू फार बरोबर!' ते टी-शर्टांवर छापलं गेलं, कपांवर चढलं. टोपणनाववाले सगळे नामानिराळे राहिले. तिला मात्र कुणी भाषांतराचं काम देईना. नाव सांगितलं की समोरचा हसू दाबायचा.

म्हातारपणी जुन्या गेमच्या एका मेळ्यात एका अमेरिकन तरुणाने कमरेत वाकून गेमचं खोकं पुढे केलं. "बाई, ते शेवटचं वाक्य तुमच्या हाताने लिहून द्या ना!"

तिने हळूहळू, सुवाच्य अक्षरात आपलं वाक्य लिहिलं. त्याने वाचलं. त्याचा चेहरा पडला.

"हे नाही हो. ते खरं वाक्य."

चिझुरूने खोकं परत घेतलं, 'बाप मिळाला! तू फार बरोबर!' असं लिहिलं आणि खाली सही केली.